करंगळीवरचं नेचं

४ मार्च
नवी नोकरी! काचघरात शिरल्या शिरल्या बाईंनी हातात चहा आणि ब्लेड एकदमच दिलं. त्या नेच्यांवर, म्हणजे फर्नवर, संशोधन करतात, मी मदतनीस. नेच्याच्या दोन पिढ्या असतात म्हणे: एक मोठी, झालरीच्या पानांची, दुसरी नखाएवढी, बदामाच्या आकाराची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. कोणती केव्हा यायची, हे जनुकं ठरवतात. बाईंनी नेमकी तीच बिघडवून ठेवलीयत. त्यामुळे पानाच्या कडेवरच बदाम उगवतात आणि बदामातून, नर-मादी काही न जुळता, थेट नवं नेचं. म्हणजे बिनलग्नाचं घराणं, असं मी म्हटल्यावर बाई खो खो हसल्या. माझी लेक ठमी तापात गेली, त्याला वर्ष झालं. त्यानंतर आज पहिल्यांदा मी कुणाला हसवलं.

११ मार्च
दिवसभर पानांच्या कडा कापायच्या, तुकडे बशीत मांडायचे. प्रत्येक बशीनंतर बोटं स्पिरिटने पुसायची, हा बाईंचा सक्त नियम. आज ब्लेड डाव्या करंगळीला लागलं. स्पिरिट झोंबतं, म्हणून तेवढं बोट वगळलं. एवढ्यानं काय होतंय!

१९ मार्च
जखमेवर हिरवा बदाम. घासला तरी जात नाही. दुखतही नाही. बाईंचा चेहराच उतरला. आत्ताच्या आत्ता कापू या म्हणाल्या. नवं नेचं उभं राहिलं की ते खालच्याला शोषून वाळवतं, असं दोनदा बजावलं. उद्या बघू म्हणून मी घरी आले.

२२ मार्च
बदामातून कोंब आलाय, वळलेला. मी दुसरं बोट जवळ नेलं, तर त्यानं ते धरलं. ठमी झोपताना असंच धरायची. मी ढसाढसा रडले. कापू देणार नाही.

२७ मार्च
कोंबाला खांदे फुटलेत, इवलीशी बोटं. माझा डावा हात कोपरापर्यंत वाळलाय. नवरा बाईंना घेऊन दाराबाहेर उभा आहे, दार उघड म्हणून विनवतोय. कडी लावलीय. तिला जरा मोठी होऊ दे, एवढंच —

२९ मार्च
केस आले. डोळे मिटलेले. ये गं ठमे —
बाई बाहेरून ओरडतायत. यात बाप नसतो, म्हणतात. ज्याच्यावर उगवतं, फक्त त्याचंच —

३० मार्च
डोळे उघडले.
ठमीचं नाक बापाचं होतं. हे नाही.
हा चेहरा माझा आहे.
ब्लेड — हात उचलवत नाही —
ती रडतेय. अगदी माझ्यासारखी. मला विचारतेय, ठमी कु