गच्चीचा दुसरा थर

प्रिय ताई,

आपल्या कालच्या तडजोडीच्या करारावर कोर्टाचा शिक्का बसेपर्यंत तुला एक ओळही लिहायची नाही, असं वकिलांनी बजावलंय. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

तुझी नोटीस आली तेव्हा मी चिडलो होतो. सख्खी बहीण रजिस्टर्ड पोस्टाने बोलते! पण त्याआधी सहा महिने तू फोन करत होतीस आणि मीच उचलत नव्हतो. तुझं घर बांधताना गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा दुसरा थर मी घाईत गाळला होता. घर गळणार, हे मला ठाऊक होतं.

कोर्टाच्या इंजिनिअरबरोबर पाहणीला आलो, तेव्हा ओल्या भिंतीपासून हातभर सरकवलेला तुझा पलंग दिसला. तिथेच माझी मान खाली गेली.

काल मध्यस्थांसमोर माझे वकील गप्प बसवायला माझा हात धरून ओढत होते, तरी मी म्हणालो, "चूक माझीच. दुरुस्त करून देतो."

तू म्हणालीस, "लिहून घ्या, काम संपेपर्यंत हा रोज माझ्याकडे जेवेल."

मध्यस्थांनी विचारलं, "बाई, जेवण करारात कसं लिहू?"

"लिहाच. नाहीतर तोंड चुकवून पळेल."

मध्यस्थ हसले, पण त्यांनी अट लिहिली. सही करताना मला कागद नीट दिसत नव्हता, ताई.

तुझाच,
धाकटा