सोनीच्या नावाची आंघोळ

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ब्राझीलच्या पोरी नाचल्या. मेघालीने मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. समुद्रकिनारा, दहा-बारा परदेशी पोरी आणि तोंडात आमच्या राहनाळचे शब्द — 'सोनी गो, सांज झाली, ये गो घरा.'

'आबा, चार कोटी लोकांनी बघितलं.'

माझा चहा तसाच राहिला.

गाणं मेघालीचं, माझ्या नातीचं, आणि तिच्या दोन मैत्रिणींचं. त्यातल्या रुचिकाचा बाप गोदामावर वॉचमन आहे. तिथे रविवारी रिकाम्या खोक्यांच्या मध्ये बसून तिघींनी ते रेकॉर्ड केलं. ग्रुपचं नाव ठेवलं सुकट! कुमारला म्हटलं, तुझ्या पोरीला दुसरं नाव सापडलं नाही का? तो हसला. 'बाबा, सुकटीचा वास लांब जातो.'

गेला लांब. आता लंडनला बोलावलं आहे. तेवीस तारखेला मोठ्या स्टेजवर गायचं. पोरगी एकटी कधी कल्याणच्या पुढे गेली नाही. तिकडच्या थंडीने गळा बसला तर?

५ नोव्हेंबर, बुधवार

लिहू की नको? मी सातवी शिकलेला माणूस, माझी वही कोण वाचणार.

ती ओळ माझी आहे. सोनी लहान असताना मी शेताच्या बांधावर उभा राहून तशीच हाक मारायचो. पुढे माझ्या बायकोने, रंगूने, तीच हाक मेघालीला झोपवताना गाण्यासारखी म्हटली. पोरीने तिथून उचलली.

सोनी माझी लेक, कुमारची बहीण. तेवीस वर्षांपूर्वी किशनशी लग्न करून गेली. डोंगरपाड्यावरचा आदिवासी पोरगा, आमच्याच शेतात लावणीला यायचा. भावकी दारात जमली. मी विहिरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर तिच्या नावाने आंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी. त्या दिवसापासून घरात तिचं नाव बंद.

मेघाली तेव्हा जन्मली नव्हती. तिला आम्ही सांगितलं, आत्या तापाने गेली.

सोनी गणेशपुरीला आहे. खानावळ चालवते. एस.टी.चा कंडक्टर लडकू एकदा बोलून गेला होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जिच्या नावाने आंघोळ केली, तिलाच आता जगभरातून हाका. यातून काहीतरी वाईट होणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टीव्हीवाले आले. चपला घालून थेट ओटीवर. त्यांच्यातल्या बाईने मेघालीला विचारलं, गाण्यातली सोनी कोण?

'माझी आत्या. मी तिला बघितलंच नाही. माझ्या जन्माआधीच तापाने गेली.' बोलता बोलता रडली. खरं रडली.

मग माईक माझ्यापुढे. 'आजोबा, मुलीची आठवण येते?'

मी मान हलवली. हो अशी हलली की नाही अशी, मलाच कळलं नाही. रंगू उठून आत गेली. बराच वेळ भांडी वाजत होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गणेशपुरीच्या खानावळीत टीव्ही असणारच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मेघालीला आत्याचा फोटो हवा आहे. लंडनला गाताना मागच्या मोठ्या पडद्यावर दाखवणार. 'हार घातलेला, खाली समई. आबा, सगळे उभे राहतील बघा.'

फोटो माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, जुन्या सातबाऱ्याखाली. म्हटलं, कुठे असेल कोण जाणे.

'शोधा ना आबा. परवापर्यंत पाठवायचाय.'

कुमारकडे बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधली, सोडली, परत बांधली.

रंगूला विचारलं, काय करू? ती भाकरी थापत होती. 'तवा मला इचारलं व्हतं का?' एवढंच म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोटो काढला. दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले, तरी हसू दिसतंच. यावर हार घालणार. एकदा मी तिला भावकीपुढे मारली. आता पोरीच्या हातून जगापुढे मारणार. आणि ती तिकडे गिऱ्हाइकाला वाढता वाढता बघणार.

मेघालीला हाक मारली. म्हटलं, बस. सगळं सांगितलं. विहीरसुद्धा.

आधी हसली. तिला थट्टा वाटली. मग — 'गणेशपुरी? आपली गणेशपुरी?' मग हळूच म्हणाली, 'मी टीव्हीवर रडले, आबा. तुम्ही शेजारी बसला होतात.'

जेवली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेघालीला ओवा दिला घशासाठी, घेतला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी विमानतळाकडे गेली. पाया पडली नाही. फोटो माझ्या हातात परत दिला. गाडीत बसताना म्हणाली, 'मी तिकडून हाक मारीनच. तुम्हाला एस.टी. आहे.'

रंगू मागेच उभी होती. 'सातची गाडी धरा. आठच्या गाडीला आश्रमवाल्यांची गर्दी असते. डाव्या अंगाला बसा, ऊन लागत न्हाय.'

हिला हे कसं ठाऊक?

'वज्रेश्वरीला जाते ना दर महिन्याला, देवीला.' माझ्याकडे न बघता बोलली. गणेशपुरी तिथून जवळच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भिवंडी स्टँडवरून परत आलो. गाडी समोर उभी होती. पण तिने दार लावून घेतलं तर? किशन काय म्हणेल? त्याला काय म्हणून हाक मारू?

रंगूने ताट वाढलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. गणेशपुरी

खानावळीच्या ओट्यावर बसून लिहितो आहे.

हाक मारायला पुढे झालो. सोनी आपणहून बाहेर आली. केस पांढरे झालेत. अंगावर हिरवी साडी — मागच्या दिवाळीत मी रंगूला आणलेली, हरवली म्हणाली होती ती. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. रडली नाही. आत जाऊन मोरीत कढत पाण्याची बादली ठेवली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

'करा आंघोळ, बाबा. मी जिती हाय.'