पदकावरचे दोन दात

प्रिय सुमन,

आज पांढुर्ण्याला जाऊन तुझी चेन मोडून आलो. रागावू नकोस, आधी पूर्ण ऐक! तू गेल्यापासून सराफाची पायरी पहिल्यांदाच चढलो, आणि ते तुला नाही सांगायचं तर कुणाला?

आपल्या विनूचं लग्न ठरलंय. होणारी सून मधुरा बँकेत आहे, सौसरहून रामाकोन्याला रोज स्कूटीवर जाते. तिला रोज घालता येईल अशी चेन द्यायची होती. तुझीच देणार होतो, पण ती किती वेळा तुटली गं! शेवटी कडीला काळा दोरा बांधून घालायचीस. तरी हट्ट एकच, "सोनं चोवीसचंच पायजे. मिलावट माह्या गळ्यात नाही चालत!" मी बावीसचं नाव काढलं की म्हणायचीस, "मास्तर, तुमाले सोन्यातलं काय समजते?"

आज विनू-मधुराला घेऊन दुकानात गेलो, तर सराफच म्हणाला, "गुरुजी, चोवीसचं लय नरम राहते. रोजच्या वापराले बावीसचीच करा. थोडं तांबं-चांदी पडलं की कडी पक्की होते." ऐकलंस? इतक्या वर्षांनी जिंकलो, आणि तोंड वाकडं करायला तू नव्हतीस.

मग त्यानं तुझ्या चेनीतलं पदक उचललं. "याच्यावर दोन खड्डे पडले. हेही आटवू?" मी हो म्हणून बसलो. मधुरानं विचारलं, "बाबा, हे कायचे खड्डे हो?"

आणि मला लख्ख आठवलं. विनू दहा महिन्यांचा, तुझ्या कडेवर, नुकतेच दोन दात आलेले. तू ओरडलीस, "अवं माय! पोट्टं सोनं खाऊन राह्यलं!" आणि मी कपाळकरंटा काय म्हणालो? "बावीसचं असतं तर खड्डे पडले नसते." खरंच, पडले नसते गं!

भर दुकानात ओरडलो, "थांबा! पदकाले हात लावू नका!" कारण सांगितल्यावर मधुरा इतकी हसली की सराफानं चहाच मागवला. विनू लाजून लालेलाल. मधुरा त्या खुणांवरून बोट फिरवत म्हणाली, "चेन बावीसची करा, पण पदक आईंचं आहे तसंच राहू द्या."

उद्या या घरात बाळ येईल आणि ते पदक तोंडात घालेल. मी ओढून घेणार नाही, वचन! आणखी दोन दात उमटू देईन.

तुझाच,
सोन्यातलं काही न समजणारा
मास्तर