तिच्या बाजूची काच

दि. ९ डिसेंबर

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुमचे दोन्ही निरोप पोचले. ‘ताई फोनवर का येत नाही’ याचं उत्तर द्यायचं आहे, पण फोनवर मला नीट जमत नाही. लिहिताना माणूस क्रमाने जातो. म्हणून आधी गाडीचं.

हो, तीच गाडी. तुम्ही जिला ‘दाजींची थोरली बायको’ म्हणता ती. इंजिन ठणठणीत आहे, आतली बटणं मात्र म्हातारी झाली. तुमच्या ताईच्या बाजूची काच वर-खाली करायचं बटण अंगठ्याने रेटल्याशिवाय ऐकेना. गॅरेजवाला म्हणाला, “काका, अख्खा सेट बदला. मिळाला तर.” मिळत नाही हे त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, “बदलायला काय, कुणीही बदलेल,” आणि घरी आलो.

लोक सरळ स्क्रूड्रायव्हर खुपसतात आणि प्लास्टिक ओरबाडून ठेवतात. मी टोकाला चिकटपट्टी गुंडाळतो. माझ्या गाडीत एक ओरखडा दाखवा. बटणाची डबी उघडायची ती पिशवीच्या आत हात घालून, कारण आतल्या स्प्रिंगा टपूनच बसलेल्या असतात. एक उडून सीटखाली गेली की बसा शोधत. आत तांब्याच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं की पट्टी कलते, टेकते आणि मोटर फिरते. दर वेळी बारीक ठिणगी पडते, तिची काजळी साचत जाते. काजळी मी पॉलिश पेपरने काढली, पण एका पट्टीला खड्डाच पडला होता. तेव्हा मागच्या डाव्या दाराच्या बटणातली पट्टी काढून इकडे बसवली. ती जवळजवळ कोरी होती. मागे तुम्ही बसायचात तेवढंच. तुमच्यानंतर तिथे बसलंय कोण?

बटण नव्यासारखं झालं. तिला म्हटलं, “दाब.” तिने दाबलं. काच हलली नाही.

मी दाबलं तर हलली.

तिच्या हातातून चमचा निसटतो इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. त्यापुढचं मी कळवलं नाही. मी ठरवलं, स्प्रिंग कडक आहे. पुन्हा उघडलं, स्प्रिंगेचा एक वेढा कापला. आठवडाभर जमलं. मग पुन्हा जमेना. पुन्हा कापला. तिचं बोट जसं सुटत गेलं, तसं मी बटण हलकं करत गेलो. ती म्हणायची, “अहो, राहू द्या ना. तुम्ही आहात की काच लावायला.” आवाज तेव्हा शेजारच्या खुर्चीपर्यंत तरी यायचा. मी म्हणायचो, “स्वतःच्या खिडकीसाठी माणसाने दुसऱ्याला सांगायचं?” शेवटी फुंकर मारली तरी कलेल इतकं ते हलकं झालं, आणि मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

गेल्या आठवड्यात तपासणीला निघालो. थंडी मरणाची. पुलाच्या अलीकडच्या गतिरोधकावर गाडी जरा आपटली आणि पाहतो तर तिच्या बाजूची काच खाली जातेय. पूर्ण खाली गेली! मी ओरडलोच, “बघ! जमलं की नाही? हवा हवी होती ना तुला?” ती माझ्याकडे बघून हसली. मी हॉस्पिटलपर्यंत शीळ वाजवत गेलो.

तिथल्या सिस्टरने तिच्या गालाला हात लावला. “अहो काका, गाल बर्फ झालेत यांचे. काच तरी लावायची!”

डॉक्टर तपासून झाल्यावर नेहमी पुढची तारीख देतात. या वेळी दिली नाही. मी मागितली, तर म्हणाले, “आता त्यांना इथवर आणायची दगदग नको. काही लागलं तर फोन करा.”

परतीच्या वाटेवर तोच गतिरोधक. काच पुन्हा खाली. तिचे दोन्ही हात शालीत होते.

मला कळलं. स्प्रिंगेत बटण तोलून धरण्याइतकाही जोर मी ठेवला नव्हता. गचका बसला की ते आपोआप कलायचं आणि कललेलंच राहायचं. मी गाडी कडेला घेतली. “जाताना बोलली का नाहीस?” कान तिच्या तोंडाशी न्यावा लागतो आता. ती थांबत थांबत म्हणाली, “तुम्ही... केवढे खूश... झालात.”

म्हणून ती फोनवर येत नाही, मेहुणेबुवा. राग नाही. आवाज उरलेला नाही.

तुमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलचं तुम्ही काढलंत तेव्हा ‘माझ्या घरातलं मला दुरुस्त करता येतं’ असं मी तुम्हाला ऐकवलं होतं. मागाहून सगळे कागद मी गुपचूप तिकडे पाठवले होते. त्यांचंही उत्तर इथल्यासारखंच आलं. त्या बाबतीत तुमची माझी फिटंफाट.

बटण मी काढून टाकणार होतो. तिने मान हलवली, नको. तेव्हा आतलं सगळं काढून नुसतं टरफल परत बसवलं आहे. वायर जोडलेली नाही. ती हात त्यावर ठेवून देते. बोट जरा सरकलं की मी माझ्या बाजूच्या बटणाने तिची काच खाली घेतो, पुन्हा सरकलं की वर. तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. आमच्यात त्यावर बोलणं नाही.

तुम्ही या. सुट्टी मिळेल तेव्हा नको, आता या. स्टेशनवर तिला घेऊन येईन. मागे डावीकडे बसा, तिच्या बरोबर मागे; पुढे वाकलात तर काहीबाही ऐकू येईल. तुमची काच उघडणार नाही, त्यातली पट्टी मी काढली आहे. आणि तिची काच खाली जाताना दिसली तर माझ्या हाताकडे बघू नका. तिच्याकडे बघा.

वाट पाहतो. पहिल्यांदाच लिहितो आहे हा शब्द तुम्हाला.

तुमचा,
दाजी