आपल्या अक्षरांतला पत्ता

३ मार्च
दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, मेलसकट, आजपासून आपल्या लिपीत. 'कुलूपवाले' आणि पुढचं '.भारत' हे शेपूटही आपलंच. समोर दुकान थाटलेला धाकटा भाऊ अजून इंग्रजीतच रांगतोय. जळू दे.

४ मार्च
बायको म्हणते, जुन्या इंग्रजी पत्त्याची मुदत संपतेय, तेवढी वाढवा. तो दुकान एकत्र असताना धाकट्याने काढलेला. मुद्दाम वाढवली नाही.

९ मार्च
नवी कार्डं आली. पत्ता मोठा दिसावा म्हणून फोन नंबर काढून टाकला. छापखानावाला विचारतो, लोक हे टाइप कसं करणार? त्याने छापावं, अक्कल पाजळू नये.

१४ मार्च, सकाळी १०
हॉस्पिटलचे व्यवस्थापक आले. साडेतीनशे दारं, वर्षभराचं काम! मिळालं की धाकट्याचं शटर कायमचं खाली. फॉर्म मेलवर पाठवतो म्हणाले. तोऱ्यात नवं कार्ड दिलं.

१५ मार्च
हॉस्पिटलचा शिपाई आला. तिथला कॉम्प्युटर आमचा पत्ता घेत नाही, 'अक्षरं चुकीची' म्हणतो. निरोप दिला: कॉम्प्युटर बदला.

१९ मार्च
कार्डं येऊन दहा दिवस झाले, साइटवर एकही गिऱ्हाईक नाही. लोक दबकलेत. स्वतः पत्ता टाइप करून बघायला बसलो. आजवर मराठीही इंग्रजी अक्षरांतच बडवली, त्यामुळे 'कु' सापडेपर्यंत चहा गार. 'लू' नाहीच. कीबोर्ड भिकार आहे. कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार. हाताने.

२२ मार्च
धाकटा वर्षाने रस्ता ओलांडून आला. हातात कसलासा कागद. "दादा, एक मिनिट ऐक तरी," म्हणत होता. ऐकतोय कोण! पायरीवरूनच हाकलला. माफीनामा असणार. उशीर झाला म्हणावं.

३० मार्च
काम धाकट्याला मिळालं. हरामखोर!

बायकोने सगळं शोधून काढलं. जुना पत्ता त्याच्याच नावावर होता, मुदत त्याने स्वतः वाढवली. माझा फॉर्म हॉस्पिटलने शेवटी जुन्या कार्डावरच्या त्या पत्त्यावर पाठवला. त्या दिवशी त्याच्या हातात तोच कागद होता. मी हाकलल्यावर त्याने शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतःचा फॉर्म भरला. यावर बायको मला जे बोलली ते इथे लिहिणार नाही.

३१ मार्च, दुपारी ४
नव्या पत्त्यावर पहिला निरोप आला! धाकट्याचा. आपल्या लिपीत, एक वेलांटी चुकलेली नाही. 'दादा, साडेतीनशे दारं एकट्याला झेपणार नाहीत. येशील?'

थेट 'नाही' कळवायला बसलो. 'ना' सापडला. 'ही' सापडेना. शेवटी तोंडावरच सांगतो म्हणून तावातावाने रस्ता ओलांडायला निघालो.

संध्याकाळी ६
येताना पहिल्या मजल्याच्या साठ कुलपांची यादी घेऊन आलो. उद्या आठला बोलावलंय. यादी इंग्रजीत आहे.