रस्त्याकडेची जागा आणि बुडालेली गाडी

मी, सांतान पास्कू लुद्रिक, वय वर्षे बाहत्तर, धंदा पूर्वी बँडमास्तर आणि आता कोंबड्या हाकणे, राहणार कुडाळ रस्ता, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, माझ्या मागे काय कोणाचे ते या कागदावर सांगून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, आणि आज सकाळपासून मी फेणीला हात लावलेला नाही. खात्रीसाठी माझ्या पत्नीला विचारावे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझा भाचा ब्रॅंडन याचे नाव मी फार प्रेमाने लिहिले होते.

कलम १. राहते घर, मागची विहीर आणि माड माझी पत्नी इमेल्डा हिच्याकडे ती असेपर्यंत राहतील, नंतर आमची मुलगी जेनिस हिच्याकडे जातील. जेनिसने आईला मुंबईला नेण्याचा हट्ट धरू नये. तिथे तिला कोंबडा आरवलेला ऐकू येत नाही आणि ती दुपारपर्यंत चिडलेली असते.

कलम २. बँकेत जी काही ठेव असेल ती इमेल्डाची. कोणी सल्ला द्यायला आले तर तिने चहा पाजून परत पाठवावे.

कलम ३. मोठा ड्रम आणि क्लॅरोनेट चर्चच्या गायकवृंदाला द्यावे. ट्रम्पेट जेनिसला. ती माझ्यापेक्षा बरे वाजवते, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही. आता लेखी देतो.

कलम ४. माझी बांबूची शिडी शेजारी गुरुप्रसाद केळुसकर यांनी तीन पावसाळ्यांपूर्वी नेली. ती मी त्यांना हयातीतच देऊन टाकली आहे. बदल्यात त्यांनी पावसाआधी आमची कौले चाळून द्यावीत.

कलम ५. गाडी. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, वकीलबाईंनी सांभाळून घ्यावे.

इमेल्डाचे गुडघे गेले. रिक्षात चढताना ती ओठ चावायची. आमचा रस्ता म्हणजे खड्डे आणि जांभ्याचे दगड, म्हणून उंच, पण आटोपशीर गाडी हवी होती. ब्रॅंडन कुडाळात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. मी त्याचा मामा, शिवाय पादीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातांवर घेऊन त्याच्या वतीने देवाला शब्द देणारा. मी दुसऱ्या कोणाकडे कशाला जाईन? त्याने एक राखाडी रंगाची छोटी एसयूव्ही काढली. एका डॉक्टरने वापरलेली, फक्त दवाखाना ते घर, असे सांगितले.

गाडी आली त्या संध्याकाळी ब्रॅंडनने सगळी तयारी आधीच केली होती. घरासमोरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, झेंडूची माळ, उकडलेले चणे, शेजारीपाजारी, आणि पाद्रीबाबांना तो स्वतः घेऊन आला होता. गाडीवर पवित्र पाणी शिंपडले गेले, खुरसापुढे लदीन, म्हणजे आमची सामुदायिक प्रार्थना, म्हटले गेले. आता इतक्या माणसांसमोर बॉनेट उघडून आत डोकावायचे म्हणजे पाद्रीबाबांच्या प्रार्थनेवर शंका घेणे. आमच्यात ते कोणी करत नाही, आणि ब्रॅंडनला हे चांगले ठाऊक होते. चणे खाता खाता त्याने कागद पुढे केला. मी चष्मा शोधू लागलो तर म्हणाला, "पादीन, वाचूक कित्या व्हया? आपल्या माणसाचो कागद."

मी सही केली.

त्याच दिवशी गाडीतून उतरताना इमेल्डा माझ्या कानात म्हणाली, "आयकलास? हेका चिखलाचो वास येता. खाडयेतलो." मी म्हटले, नव्या सीट कव्हरचा असेल.

पुढचे दीड वर्ष त्या गाडीने आम्हाला पाळले, आम्ही तिला नव्हे. कणकवलीच्या वाटेवर भर पावसात डावी काच आपोआप खाली आली आणि वर जायला तयार होईना. इमेल्डा छत्री उघडून बसली. एका रविवारी ऐन मिस्सेच्या वेळी गाडी चर्चच्या अंगणात स्वतःहून हॉर्न वाजवू लागली, आणि सगळे चर्च माझ्याकडे वळून बघू लागले. मासळीबाजारात दरवाजे आपले आपण बंद झाले आणि इमेल्डा बांगड्यांच्या पिशवीसकट आत अडकली. स्टिअरिंगपुढचे धोक्याचे सगळे दिवे एकदम लागायचे. ब्रॅंडनला फोन केला की म्हणायचा, सेन्सर आहे, जरा चालवा, बरे होईल. मी चालवत राहिलो. आपल्या पोराने दिलेली आहे म्हणून तिच्याविरुद्ध कोणाकडे ब्र काढला नाही, हे मात्र खरे.

मग वेंगुर्ल्याला माझी बहीण रेजिना गेली. ब्रॅंडनची आई. लहानपणी तिने मला वचनात बांधून घेतले होते, की तिला मातीत ठेवताना मी ट्रम्पेट वाजवायचा, रडत बसायचे नाही. मी काळा कोट चढवला, ट्रम्पेट मागच्या सीटवर ठेवला आणि निघालो. परुळ्याच्या चढावर गाडी बंद पडली. चावी फिरवली की नुसती टकटक. शेवटी एका विटांच्या टेम्पोत इमेल्डाला पुढे बसवून आणि मी मागे बसून पोचलो, तेव्हा दफनभूमीतली माणसे हातांची माती झटकत बाहेर येत होती.

मी ब्रॅंडनला मिठी मारायला गेलो. गाडी बंद पडल्याचे त्याला सांगितले. तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "गाडयेत काय एक खराबी नाय. पादीनाक चलवूक येणा नाय." लोक हसले नाहीत, पण माझ्याकडे बघायचेही त्यांनी टाळले. माझ्या हातात ट्रम्पेट होता. मी तो कोटाखाली धरला.

नंतर गॅरेजच्या मेस्त्रीने सीटखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ होता, बोटभर. गाडी कुठल्यातरी पुरात छपरापर्यंत बुडालेली होती. मी तो गाळ कागदात बांधून कुडाळला नेला. ब्रॅंडनने पुडी उघडलीसुद्धा नाही. माझ्याच सहीचा कागद काढून त्यावर बोट ठेवले: पाणी शिरलेली गाडी असल्याचे समजून, पाहून, पसंत करून घेतली. "तुमीच सही केलात मां?" एवढेच म्हणाला. त्याच नाताळात तो केक घेऊन घरी आला, इमेल्डाच्या गालाचा मुका घेतला आणि विचारले, रस्त्याकडच्या जागेचे काय ठरले?

गाडी वाईट निघाली याचे दुःख मी दोन महिन्यांत गिळले असते. पण त्याने मला माझ्या बहिणीच्या मातीला मुकवले, आणि ती त्याची आई होती. या पोराच्या वतीने मी देवाला शब्द दिला होता. तो कसा निभावायचा, हे मला अजून कळत नाही.

गाडी आता अंगणात आहे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. ती इमेल्डाच्या कोंबड्यांना दिली असे समजावे.

कलम ६. कुडाळ रस्त्याला लागून असलेली माझी मोकळी जागा मी माझा भाचा ब्रॅंडन आल्मेडा यास देतो. तिथे त्याला गाड्यांचे शोरूम काढायचे आहे. हे वाचून जेनिस संतापेल. तिने कलम ८ वाचल्याशिवाय कोणाला फोन करू नये.

कलम ७. माझ्या दफनाला भाषण नको. मेलेल्यांच्या दिवशी, नोव्हेंबरात, जेनिसने वेंगुर्ल्याला जाऊन रेजिना आत्याच्या थडग्यापाशी ट्रम्पेट वाजवावा. बसने जावे.

कलम ८. साक्षीदार. वकील संचिता सामंत यांनी मला समजावले, की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या वारसा कायद्याप्रमाणे जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्याच मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. मृत्युपत्र मात्र शाबूत राहते. म्हणून मी दुसरा साक्षीदार म्हणून ब्रॅंडनला बोलावले आहे.

हा कागद त्याच्यासमोर टेबलावर ठेवला जाईल. चष्मा, चहा आणि हवा तेवढा वेळ दिला जाईल. वकीलबाई त्याला वाचायला सांगतील. मी काही बोलणार नाही. त्याने हे वाचले तर पेन खाली ठेवावे. मग वकीलबाईंचे कारकून सत्यवान सही करतील, जागा ब्रॅंडनची होईल, आणि गाडीचा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. न वाचता सही केली तर जागा जेनिसची.

त्याने वाचावे, असे मला मनापासून वाटते. हेही मी लिहून ठेवतो.

ठिकाण: मालवण
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

(सही) सांतान पास्कू लुद्रिक

आम्हा दोघांसमोर वरील सही झाली व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) गुरुप्रसाद केळुसकर
साक्षीदार २: (सही) ब्रॅंडन आल्मेडा
राखीव साक्षीदार, सत्यवान: सहीची गरज पडली नाही.

नोंद: साक्षीदार क्रमांक २ यांना कागद वाचण्यास दोन वेळा सांगितले. "वाचूक कित्या व्हया? आपल्या माणसाचो कागद," असे म्हणून त्यांनी सही केली.
(सही) अॅड. संचिता सामंत