दादाची गोळी

३ फेब्रुवारी

आणि परत दादाच! आईशी एवढा वेळ बोललो, सगळा फोन दादाचा. दादानं गोळी घेतली. दादा वेळेवर घरी आला. दादाच्या गालावर मांस चढलं. शेवटी आठवण झाली तिला — "तुझं बरं आहे ना रे?" मी तोंड उघडतोय तोवर, "थांब हं, दादाला जेवायला वाढते."

पिऊन गटाराशी पडायचा तो. त्याच्या दारू सोडायच्या औषधाला पैसे पाठवले मी. आणि लाडका कोण? तो!

५ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. रोज सकाळी ती दादाच्या तळहातावर गोळी ठेवते, तो सगळ्यांदेखत गिळतो, आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवते म्हणे. एवढ्या मोठ्या घोड्याच्या पाठीवरून! ऐकूनच जीव जळला.

मी पण पितो. पण माझं वेगळं. काम सुटलं की दोन घोट, आम्ही फर्निचरचे पॉलिशवाले सगळेच घेतो. (दोन नव्हेत. कागदाशी कशाला खोटं बोलू.) पण मी पडत नाही, घरी पैसे पाठवायला चुकत नाही. म्हणून माझ्या पाठीवर हात नाही.

वहिनीला म्हटलं, इथल्या एका मित्राला हवी आहे, गोळीचं नाव सांगा. झालं, सुरू झाली — "भाऊजी, मित्राला म्हणावं आधी डॉक्टर गाठ. तुमच्या दादाचं रक्त तपासलं, लिव्हर बघितलं, मग दिली. प्यायल्यावर लगेच घ्यायची नाही. घेतल्यावर थेंबसुद्धा नाही. खोकल्याचं औषधही विचारून. दाढीनंतर लावायचं ते वासाचं पाणी मी फेकून दिलं!"

काय ती काळजी! मी नुसतं हो हो केलं.

८ फेब्रुवारी

पहिल्या औषधवाल्यानं चिठ्ठी मागितली, नाही म्हटल्यावर हाकललं. दुसऱ्यानं दिली. काल, परवा प्यायलो नाही — वहिनीचं तेवढं ऐकलं. दादाला आई लागते, बायको लागते. मला नळाचं पाणी पुरे!

९ फेब्रुवारी

स्वतःच तळहातावर ठेवली, स्वतःच उचलली. उगाच मागे वळून बघितलं. कोण असणार?

१२ फेब्रुवारी

कालचं आज लिहितोय.

मोठं कपाट कालच्या कालच द्यायचं होतं. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून फोरमननं खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. सकाळपासून मी आत, कापडाचा गोळा स्पिरिटच्या पॉलिशमध्ये बुडवून घासतोय. दुपारी तोंड पेटल्यासारखं झालं. छाती अशी धडधडायला लागली की बाहेर ऐकू जाईल! मग उलटी.

फोरमन म्हणाला, "सकाळीच ढोसून आलास?" सुतार म्हणाला, "तोंड बघा, पिकलेला टोमॅटो!" सगळे हसले. इतके दिवस रात्रीची न उतरताच आलो तेव्हा कोणाला कळलं नाही. नाही प्यायलो तर ही अब्रू! शपथ घेतली, ती पण कोणाला पटली नाही. मग कपाटाला धरता धरता खाली गेलो.

शेवटी सुतारानंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती घेतली?" म्हटलं, दारू नाही हो, गोळी. खिशातल्या पाकिटातली गोळ्यांची पट्टी दाखवली. काम काय करतोस? सांगितलं. त्यांनी माझ्या बाहीचा वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"अरे, दारू घशातूनच जायला पाहिजे असं कोणी सांगितलं? स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, ते दिवसभर बंद खोलीत नाकानं ओढलंस, वर ही गोळी! जीव गेला असता. काम काय, दुसरी औषधं कोणती, हे विचारूनच ही देतात. दुसऱ्याची बघून आणायची नसते."

गोळी बंद. पण तिचा अंमल दोन आठवडे राहू शकतो — तोवर दारू नाही, पॉलिशच्या खोलीत पाय नाही. मग परत या, म्हणाल्या, दारू सोडायला दुसरी औषधं आहेत, तपासून ठरवू.

घरचा नंबर मागितला. मी दादाचा का दिला?

१३ फेब्रुवारी

दादाचा फोन. वाटलं, आता हसणार.

"काय रे, तुझा तो मित्र कसा आहे?"

"बरा आहे," म्हटलं.

"तुझ्या वहिनीला शंका आलीच होती. म्हणाली, भाऊजींना मित्र कधी झाला?" हसला. मग म्हणाला, "तुला माहीत नाही, इथे मी रोज तुझंच ऐकतो. धाकटा कसा कमावतो, धाकटा कसा पाठवतो. घास घशात अडकतो माझ्या."

दादाला माझा हेवा! मला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना.

"सोडायची आहे ना? मग एकट्यानं नको रे. रोज सकाळी मला फोन कर."

१५ फेब्रुवारी

आज आईनं सगळा वेळ माझंच विचारलं. काम बंद, पगार बंद. औषधाचे पैसे दादानं पाठवले.

या महिन्यात मी घरी पाठवतोय — शून्य.